जूनपर्यंतचा चारा: काटोल रोडवरच्या कोठ्याच्या नोंदी, ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४

१ ऑक्टोबर, मंगळवार

उद्या सर्वपित्री, परवा घट बसतील. आजपासून ही वही फक्त चाऱ्याच्या कामासाठी. दुधाची वही वहिनी लिहिते, तिच्यात मी हात घालत नाही.

काम एकच, पण मोठं आहे. कोठ्यात बारा मोठी जनावरं आहेत: पाच मुऱ्हा म्हशी, दोन नागपुरी म्हशी, चार संकरित गाई आणि एक गवळाऊ, आमची धवळी. या सगळ्यांना पुढच्या जूनच्या मध्यापर्यंत पुरेल एवढा चारा दिवाळीच्या आगेमागे जमवायचा. नागपूरचा उन्हाळा जनावरांची परीक्षा पाहतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, बांधावर गवताची काडी राहत नाही आणि तेव्हा कडबा विकणारा म्हणेल तो भाव द्यावा लागतो. दूध तेव्हाच आटतं आणि मागणीही तेव्हाच वाढते.

रात्री बाबांसोबत बसून हिशेब मांडला. सुका चारा एका जनावराला रोज ५ किलो धरला तर बारांना ६० किलो. नोव्हेंबर ते मध्य जून म्हणजे साडेतेरा टन. यातलं साडेचार टन सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) आपल्या वावरातलं, तीनेक टन तुरीचं कुटार जानेवारी-फेब्रुवारीत निघेल, बाकी सहा टन धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, मौदा तालुक्याकडून आणायचं. ओल्या चाऱ्याला हिवाळ्यात बरसीम हे हिरव्या चाऱ्याचं पीक, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मुरघास (हवाबंद करून आंबवलेली हिरव्या मक्याची कुट्टी), जनावरामागे रोज १५ किलोप्रमाणे चार महिने. म्हणजे साडेएकवीस टन मुरघास एका खड्ड्यात बसला पाहिजे.

आजपासूनच गाईच्या दुधाचं सरकारी अनुदान लिटरमागे ७ रुपये झालं. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) दुधाला डेअरीने २८ द्यायचे, सरकार ७ टाकणार, मिळून ३५. कालपर्यंत ३० आणि ५ होते, म्हणजे बेरीज तीच. म्हशीच्या दुधाला यात काही नाही, आणि दादा घरोघर रतीब घालतो त्यालाही नाही. बाबा म्हणाले, "भावाचं आपल्या हाती काही नाही, पोरी. गव्हाणीचं हाय." ही वही सुरू करण्याचं कारण तेच.

५ ऑक्टोबर, शनिवार

सोयाबीनची मळणी दोन दिवसांपूर्वी झाली. शेंगांचं टरफल बारीक, हलकं, जनावरं आवडीने खातात. काड्या मात्र गव्हाणीत उरतात. म्हणून थ्रेशरपाशी दोन ढीग वेगळे करायला लावले होते.

काल रात्री सरी आल्या. ताडपत्री एकच होती, ती दाण्यावर गेली, आणि रस्त्याकडचा कुटाराचा ढीग वरून हातभर भिजला. सकाळी ढिगात हात घातला तर आत ऊब लागली होती. बाबांचं म्हणणं, दोन दिवस ऊन दाखवू, पालटून घेऊ, वाळलं की चालते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी असंच केलं हे खरं. पण वाळवल्याने ओल जाते, बुरशीने तयार केलेलं विष जात नाही. चाऱ्यातलं अफ्लाटॉक्सिन बी१ जनावराच्या पोटातून दुधात एम१ होऊन उतरतं, आणि दूध उकळूनही ते नष्ट होत नाही. अन्नसुरक्षेच्या नियमात दुधाला त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. डोळ्यांना, जिभेला यातलं काहीच कळत नाही. जाफरनगरात आपल्या दुधावर वाढणारी लहान लेकरं आहेत. मी बाबांना एवढंच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि स्वतःच टिकाव घेऊन भिजलेला थर बाजूला ओढायला लागले.

तो सगळा थर खताच्या खड्ड्यात गेला. कोरडं कुटार दुपारीच माळ्यावर चढवलं. अंदाजे पाच-सहा क्विंटल कमी झालं, तेवढं तणस जास्त आणावं लागेल.

९ ऑक्टोबर, बुधवार

चांदी व्याली. वगार झाली, म्हणजे मादी पारडू!

चांदी नागपुरी म्हैस आहे. शिंगं तलवारीसारखी मागे वळून खांद्यापर्यंत गेलेली, कपाळावर पांढरा चांदवा, शेपटीचा गोंडाही पांढरा. दूध मुऱ्हाच्या निम्म्यावर येतं, पण वैशाखात मुऱ्हा धापा टाकत असतात तेव्हा ही निवांत रवंथ करत बसते. म्हशी निसर्गाने दिवस लहान होताना माजावर येतात आणि दहा महिने गाभण राहून पुन्हा पावसाळ्याच्या शेवटी, शरदातच वितात. म्हणून या दिवसांत आमच्याकडे कोणीतरी रात्री कोठ्यात झोपलेलंच असतं. काल आई होती.

पहाटे आईने हाक मारली. पाण्याची पिशवी फुटली होती, पुढचे दोन्ही खूर आणि त्यांच्यावर टेकलेलं नाकाड दिसत होतं. वासरू सरळ असलं की हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी मागेच बजावलंय. चांदीने तीन-चार कळा दिल्या आणि वगार तणसावर आली. आईने नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, नाळ दोन बोटं ठेवून बांधली, ब्लेडने कापली, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवली. मग चांदीने चाटायला सुरुवात केली, ती थांबेचना.

आजी काठी टेकत आली. "वार पडू दे ना, मंग पाज." हे आमच्याकडे घरोघरी म्हणतात. चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, आधी पाजला तर वार (गर्भाभोवतीचं वेष्टण) अडकते असा समज. खरं तर उलट आहे. वगार सडाला लागली की म्हशीच्या अंगात जो स्राव सुटतो त्यानेच पान्हा येतो, आणि तोच गर्भाशयालाही आकुंचन देतो. शिवाय नव्या वासराच्या आतड्यातून चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं पहिल्या काही तासांतच रक्तात जातात. एक दिवस उलटला की ते दार बंद होतं. आजीला मी म्हटलं, "आजी, ही वगार तीन वर्षांनी तुझ्यासमोर दूध देणार हाय, तिला आत्ताच पिऊ दे." आजी हसली आणि स्वतःच वगारीचं तोंड सडापाशी धरलं. अर्ध्या तासात ती पोटभर प्यायली. वार दुपारच्या आत पडली, दादाने ती खोल पुरली.

चांदीला गूळ, शेपा आणि ज्वारीच्या घुगऱ्या. सरकीची ढेप (पेंड) चार दिवस हात राखून.

वगारीचं वजन पोत्याच्या काट्यावर २८ किलो भरलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

दीक्षाभूमीवर येणाऱ्यांची काल रात्रीपासून रीघ आहे. दादा रतीब घेऊन पहाटे लवकर निघाला, काटोल नाका आणि गिट्टीखदान उरकून सातच्या आत परतला. कडबाकुट्टी यंत्र, कॅन, कोयते यांची पूजा. कुट्टीच्या पात्यांना धार लावून आणली, पुढच्या आठवड्यात त्यांचंच काम आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

आज प्रत्येकाला एक लिटर जास्त हवं होतं. फ्रेंड्स कॉलनीतल्या एका घराने पाच लिटर जास्त मागितलं. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ मिळून रतिबाचं म्हशीचं दूध ४० लिटरच्या आसपास, त्यात चांदीचा चीक अजून पूर्ण उतरलेला नाही, तो मी मिसळू देत नाही. वहिनीने कालच सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं: प्रत्येकाला अर्धा लिटर जास्त, त्याहून नाही. गाईचं दूध डेअरीला न देता त्यातलं थोडं वेगळ्या कॅनमध्ये नेलं आणि गाईचं म्हणून सांगूनच दिलं.

कोजागिरीच्या दिवशी दुधाला पाणी लावणारा वर्षभराचं गिऱ्हाईक घालवतो, असं बाबा म्हणतात. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आज त्या दुधात चंद्र पाहून घरातली म्हातारीकोतारी माणसं पहिला घोट घेतात.

मक्याचं कणीस सोलून पाहिलं. आफ्रिकन टॉल, जुलैच्या शेवटी पेरलेला. दाणा नखाने दाबला की अजून दूध उडतं, पण तळाकडून घट्ट व्हायला लागलाय. परवा कापायचा.

१९ ऑक्टोबर, शनिवार

काल पहाटे सुरू केलं, आज दिवे लागणीला खड्डा बंद झाला. अंग मोडून आलंय, पण आजच लिहून ठेवते, कारण पुढच्या वर्षी हीच पानं लागतील.

खड्डा २६ फूट लांब, ८ फूट रुंद, साडेसहा फूट खोल. उंचवट्यावर खणलाय, पावसाचं पाणी तिकडे जात नाही. तळाला आणि भिंतींना जाड पॉलिथिन. दीड एकर मका.

मुरघासाचं सगळं गणित हवेचं आणि पाण्याचं. मका फार ओला कापला तर आतून पाणी गळतं आणि चारा आंबूस-कुजका होतो. फार वाळला तर दाबला जात नाही, पोकळीत हवा राहते आणि बुरशी धरते. ओल शेकडा ६५ ते ७० हवी. ती पाहायला यंत्र लागत नाही. कुट्टी मूठभर घेऊन घट्ट आवळायची, मिनिटभराने मूठ उघडायची. बोटांतून पाणी टपकलं तर थांबा. गोळा फटकन विस्कटला तर उशीर झाला. आमचा गोळा मूठ उघडल्यावर हळूहळू सैल झाला आणि तळवा नुसता ओलसर राहिला. दादा म्हणाला, "चाल, जमलं."

कुट्टीचा तुकडा बोटाच्या पेरापेक्षा लहान ठेवला. एक जण यंत्रात पेंढ्या घालणार, एक जण खाली पसरणार, आणि प्रत्येक वीतभर थरावर ट्रॅक्टर पुढे-मागे. कडेला ट्रॅक्टरचं चाक पोहोचत नाही, तिथे वहिनी, मी आणि शेजारच्या वावरातल्या दोन काकू पायांनी तुडवत होतो. खराब होतो तो कडेचाच मुरघास, म्हणून कडेला जास्त माणसं. दुपारी वीज गेली, तेव्हा कुट्टी ट्रॅक्टरवर जोडली. भरायला जास्त दिवस लावायचे नसतात. खालचा थर उघडा राहिला की तो तापायला लागतो.

वर जमिनीपासून दीड फूट फुगवटा ठेवला, कारण आठवड्याभरात तो बसतोच. वरून पॉलिथिन, त्यावर वीतभर माती, मातीवर जुने टायर. आत जे चालतं ते असं: उरलेली हवा संपली की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू मक्यातली साखर खातात, आम्लता वाढते, पीएच चारच्या आसपास येतो आणि मग कुजवणाऱ्या जिवाणूंना तिथे जगता येत नाही. पंचेचाळीस दिवस उघडायचं नाही.

उरलेल्या कुट्टीच्या ५० किलोच्या ४० पिशव्या भरून तोंडं बांधून कोठ्याच्या सावलीत रचल्या. दोन टन. या डिसेंबरसाठी.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

लाळ्या-खुरकूताची लस झाली. चार महिन्यांवरच्या सगळ्या जनावरांना, वर्षातून दोनदा. २०१९ पासून हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, लस फुकट मिळते, फक्त कानात बारा आकडी बिल्ला हवा. लस टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध थोडं उतरतं आणि म्हणून शेजारचे काही जण टाळाटाळ करतात. मी त्यांच्या कोठ्यात जाऊन बोलून आले. एकाच्या कोठ्यातला रोग वाऱ्यानेही दुसऱ्याच्या कोठ्यात येतो. २०२२ मध्ये लम्पीच्या वेळी आम्ही सगळ्यांनी पाहिलंय, गाठींनी भरलेलं जनावर दिवसभर उभं राहतं, बसायला जागा नसते त्याच्या अंगाला.

वगारीला पायपरेझीन पाजलं. म्हशीच्या पिल्लाला जंत आईच्या दुधातूनच येतात, म्हणून पहिली मात्रा दहाव्या ते चौदाव्या दिवशीच द्यायची. महिना थांबलं तर पोट मोठं आणि पाय काड्या.

२६ ऑक्टोबर, शनिवार

जांभळी म्हैस माजावर. ऑगस्टमध्ये व्यालेली. म्हशीचा माज मुका असतो, गाईसारखी ती हंबरून सांगत नाही. दूध काढताना वहिनीच्या लक्षात आलं: रोजच्यापेक्षा अर्धा लिटर कमी, सारखी लघवी, आणि मागे काचेसारखी पारदर्शक तार. सकाळी माज दिसला म्हणून संध्याकाळी रेतन. डॉक्टरांनी लिंगवर्गीकृत रेतमात्रा वापरली, तिच्यात मादी वासरू होण्याची शक्यता शेकडा नव्वदच्या आसपास असते. ठरलं तर पुढच्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला विण्याचा अंदाज. १६ नोव्हेंबरला पुन्हा पाहायचं.

२८ ऑक्टोबर, सोमवार, वसुबारस

धवळीची आणि तिच्या कालवडीची पूजा. आई आज गाईचं दूध-दही खात नाही, ते वासराचं. आमच्याकडे तर ते दूध डेअरीलाही जात नाही, धवळीची कालवड दिवसभर मोकळी सोडतो. धवळीचं दूध तसंही तीन लिटर. गवळाऊ ही वर्धा-नागपूरकडची जात, चपळ पायांची, पूर्वी बैलगाडीसाठी नावाजलेली. दुधाच्या हिशेबात ती बसत नाही आणि मी ती विकू देणार नाही. या मातीतली जात या मातीतल्या माणसांनी नाही सांभाळायची तर कोणी?

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

गायगोधन. सकाळी जनावरं धुतली, शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूच्या माळा. म्हशींना दोरीत मोरपिसं. शेणाचा गोवर्धन घालून त्यावरून गाई नेल्या. दुपारी गोवारी मंडळी ढाल नाचवत आली, डफ आणि बासरी. आमच्या गावची गुरं चारणारे काका त्यांत पुढे. आईने त्यांना धोतर, धान आणि ओवाळणी दिली. काकांनी कोठ्यात येऊन चांदीच्या वगारीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मायसारखीच शिंगं येतीन हिला."

संध्याकाळी दूध वेळेवरच काढलं. सणाला माणसांची वेळ चुकते, कासेची चुकवून चालत नाही. दूध तुंबलं की कासदाहाला वाट मिळते.

६ नोव्हेंबर, बुधवार

बरसीम पेरलं, मक्याच्या रिकाम्या झालेल्या वावरात एक एकर. दुपारचं ऊन आता सोसतं, रात्री गार, बरसीमला हेच मानवतं.

बियाणं १० किलो. बरसीमच्या बियात कासनीचं तण मिसळलेलं असतं, दोन्ही दाणे जवळपास सारखे. चाळणीने निघत नाही. घमेल्यात दहा लिटर पाण्यात किलोभर मीठ विरघळवलं आणि बी ओतलं. कासनी आणि पोचट बी वर तरंगतं, बरसीमचं भरलेलं बी तळाशी बसतं. वरचं गाळून टाकलं, खालचं चांगल्या पाण्याने दोनदा धुतलं. मग गुळाच्या पाण्यात रायझोबियम कालवून बियाला चोळलं आणि सावलीत सुकवलं. ज्या वावरात आधी कधी बरसीम नव्हतं तिथे हे जिवाणू लावल्याशिवाय मुळांवर गाठी नीट धरत नाहीत.

वाफ्यात पाणी साचवून त्यात बी फेकायचं, ही पद्धत. बाबांचा हात सराईत आहे, बी सगळीकडे सारखं पडतं. मी फेकलं तिकडे दाट-विरळ दिसेल, बघू. शेतीची वीज या आठवड्यात रात्रीची, म्हणून पाणी रात्री दिलं.

पहिली कापणी पन्नास दिवसांनी, मग दर महिन्याला, मार्च-एप्रिलपर्यंत. कोवळं बरसीम उपाशी पोटी भरपेट खाल्लं की पोट फुगतं. आधी कुटार, मग बरसीम, हे सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

जांभळी शांत. दूध पूर्ववत, तार नाही. गाभण राहिली असावी, पण खात्री दोन-तीन महिन्यांनी तपासल्यावरच.

मौद्याहून तणसाचा पहिला ट्रक. तीन टन. धान कापणी सुरू झाली की लवकर आणावं, नंतर गाडीभाडं वाढतं. तणसात जीव कमी आणि ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून खनिज मिश्रण चुकवायचं नाही. अर्ध्या तणसावर युरियाची प्रक्रिया केली: १०० किलो तणसाला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून, दाबून, प्लास्टिकने हवाबंद. एकवीस दिवस. द्रावण केलं ती बादली मी स्वतः धुऊन उलटी ठेवली, जनावराने त्यात तोंड घातलं तर जीव जातो. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे तणस द्यायचं नाही.

थंडी पडायला लागली तशी फॅट चढतेय. गाईचं ३.७ वरून ४.१. डेअरीवर आज आमची पावती पाहून दोघांनी विचारलं काय खाऊ घालता. सध्या तर नेपियर आणि बांधावरचं गवतच.

२३ नोव्हेंबर, शनिवार

गुराखी काका आज सुट्टीवर, झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकावर गेले. १९९४ साली आजच्याच दिवशी विधानभवनावरच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी माणसं गेली, बायका आणि लेकरं त्यात खूप. आज तीस वर्षं झाली. काकांच्या घरातलं एक माणूस त्यात होतं, ते नाव घेतात आणि मग बोलत नाहीत. विदर्भातली गुरं पिढ्यान्‌पिढ्या या लोकांनी राखली. आम्ही दूध विकणारे त्यांच्या कष्टाशिवाय उभे राहिलो नसतो. मी बाबांना म्हटलं, काकांना या दिवशी पगारी सुट्टी नेहमीसाठीच लिहून ठेवू. बाबांनी वहीत लिहिलं.

दिवसभर सगळीकडे विधानसभेच्या मतमोजणीचे आवाज. जनावरं मी आणि दादाने नाल्याच्या काठाने फिरवली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पशुगणनेचे प्रगणक आले, एकविसावी पशुगणना. मोबाइलवर जातवार नोंद करतात. मुऱ्हा, संकरित जर्सी पटापट झाल्या. चांदीपाशी ते थांबले, गावरान लिहू का म्हणाले. मी त्यांना शिंगांची ठेवण, चांदवा, पांढरे पाय दाखवले. त्यांनी यादी उघडली, नागपुरी हे नाव सापडलं, आणि नीट नोंदवलं. दोन्ही म्हशी, वगार आणि धवळीचीही गवळाऊ म्हणून. चांगला माणूस होता, घाई केली नाही. जात नोंदीतच नसेल तर ती टिकवायला योजना कुठून येणार?

वगार आता तणसाच्या काड्या चघळते.

५ डिसेंबर, गुरुवार

मुरघासाची पहिली पिशवी उघडली. खड्ड्याला हात लावला नाही, तो फेब्रुवारीतच.

तोंड सोडल्याबरोबर आंबटगोड वास आला. रंग पिवळसर हिरवा, कणसाचे दाणे अख्खे ओळखू येतात, हाताला चिकट नाही. पिशवीच्या तोंडाशी बोटभर पांढरी बुरशी होती, तो थर काढून खतात टाकला. दुसऱ्या पिशवीत तेवढीही नव्हती.

जनावरांना नवा चारा एकदम द्यायचा नाही, पोटातले जिवाणू सवयीचे व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आज दुभत्या आठ जनावरांना दोन-दोन किलो, नेपियरमध्ये मिसळून. मुऱ्हांनी लगेच खाल्लं. धवळी वास घेऊन मागे सरली, तिला उद्या पुन्हा. पुढे १० किलोपर्यंत न्यायचं. रोजचे ८० किलो धरले तर पिशव्या बरसीमच्या पहिल्या कापणीपर्यंत पुरतात.

बरसीम चार बोटं आलंय. मी फेकलेल्या बाजूला विरळ आहे, तिथे उद्या बाबा पुन्हा थोडं बी टाकणार.

राहिलेली कामं: तणसाचा दुसरा ट्रक, तोही आता साडेतीन टनांचा हवा. खड्ड्याच्या पॉलिथिनला पूर्वेकडून उंदरांनी कुरतडलंय, भोक आजच चिकटपट्टीने बंद केलं आणि माती वाढवली, दर रविवारी फेरी मारायची. सरकी ढेप मुरघासावर असलेल्या दोन गाईंना अर्धा किलो कमी करून पाहतेय; आठवड्याने दूध आणि फॅट दोन्ही जागेवर राहिले तरच बाकीच्यांची कमी करणार.